गारवा बाहेर जाऊ नये म्हणून

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरचा पोरगा काचेला नाक लावून म्हणाला, तो म्हातारा बघ, फ्रिजला फिरायला घेऊन चाललाय. त्याच्या शेजारची हसली, मागचे दोघं हसले. मी बघितलं. ऑकलंडमधल्या माउंट वेलिंग्टनच्या त्या लांबलचक रस्त्याच्या कडेच्या गवतावरून एक उंच म्हातारा चालला होता. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, पायात जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, आणि हातात एक वायर. वायरच्या दुसऱ्या टोकाला चाकं असलेला पांढरा डबा. डबा गवतात अडकला की म्हातारा थांबायचा, वायरला हलका हिसका द्यायचा आणि डब्याशी काहीतरी बोलायचा. ते माझे आजोबा होते. मी बेल इतक्या जोरात दाबली की ड्रायव्हर ओरडला. उतरताना त्या पोराच्या मांडीवरची बॅग मी कोपरानं उडवली. मुद्दाम. मग पळत रस्ता ओलांडला आणि धापा टाकत आजोबांसमोर उभी राहिले, तर ते म्हणाले, "आली का? धर न इकडून, चाक फसून राहिलं."

"आजोबा, हे काय आहे?"

"कूलर आहे वं. चांगला कूलर. असा कोणी फेकून देते का?"

तो आठवडा आमच्या भागात इनऑर्गॅनिक कलेक्शनचा होता. म्हणजे घरातलं नको झालेलं सगळं लोक आपापल्या घरासमोरच्या गवतावर आणून टाकतात, सोफे, टीव्ही, मोडक्या सायकली, आणि मग कौन्सिलचा ट्रक येऊन घेऊन जातो. आमच्याच घरासमोर आईनं माझं शाळेचं टेबल ठेवलं होतं. आजोबा रोज सकाळी फिरायला जाताना त्या ढिगांसमोर थांबायचे, हात मागे बांधून, प्रदर्शनाला आल्यासारखे. पण उचलून काही आणलं नव्हतं. ते निवृत्त ड्रिल मास्तर, अकोल्याच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं पोरांना रांगेत उभं केलेला माणूस, कुणाच्या दारातलं उचलणार नाहीत असं मला वाटायचं. आणि आता ते त्या डब्याची मागची जाळी काढून आतल्या कागदी पट्ट्यांना नाक लावत होते. "वाळ्याची ताटी नाही," म्हणाले, "कागद हाये. चालते." मी म्हटलं लोक बघतायत. "पाहू दे न," म्हणाले. मग मी पुढून उचललं आणि त्यांनी मागून, आणि आम्ही दोघं तो कूलर घेऊन घरी आलो. रस्त्यात एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, ती किया ओरा म्हणाली, म्हणजे इथला नमस्कार, तर आजोबांनी कूलर खाली ठेवून तिला नमस्कार केला.

घरी दिवसभर आम्ही दोघंच असायचो. बाबा ऑफिसात, आई रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, शिफ्टला. मी शाळा सोडली होती. सोडली म्हणजे जायची बंद झाले. सकाळी युनिफॉर्म घालून निघायचे आणि ट्रेननं न्यू लिनला जाऊन मॉलमध्ये हिंडायचे, ते कळल्यावर घरात जे व्हायचं ते झालं, आणि मग सोळा पूर्ण झाल्यावर इथे शाळेची सक्ती नसते, त्यामुळे कुणी काही करूही शकत नव्हतं. बाबा माझ्याशी तेव्हापासून फक्त कामापुरतं बोलतात. आजोबांनी मात्र शाळेचं एकदाही विचारलं नाही. आल्यावर दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "बरं झालं बाप्पा, मले सोबत झाली." आजी गेल्यावर बाबांनी त्यांना इकडे आणलं. परतीचं तिकीट मार्चअखेरचं होतं. बाबा म्हणायचे, अण्णा, ते कॅन्सल करू, आता तिकडे काय आहे. आजोबा म्हणायचे, पाहू. बाबांना ते कायमचे इथे राहायला हवे होते. मलाही हवे होते, फक्त मी ते कुणाला बोलले नव्हते. ते गेले की मी त्या घरात भिंतींशी बोलणार होते, आणि मी कुणाला राहा म्हणून विनवणारी मुलगी नाही. पण कॅलेंडरवर मार्चचं पान होतं त्याच्याकडे मी फ्रिज उघडताना बघायचं टाळायचे.

फेब्रुवारी होता. ऑकलंडचा फेब्रुवारी म्हणजे फार ऊन नाही, पण हवा ओल्या टॉवेलसारखी. अंगाला चिकटते आणि सोडत नाही. आजोबांनी कूलर त्यांच्या खोलीत खिडकीशी लावला, टाकीत पाणी भरलं, फ्रिजमधला बर्फपण टाकला, आणि बटण दाबलं. तो चालला. खडखड करून चालला. आजोबा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले, डोळे मिटले. मी दारात उभी होते. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले, हात पुढे केला, तळवा उलटा-सुलटा करून बघितला. मग म्हणाले, "इथल्या हवेले तहानच नाही वं." मी म्हटलं म्हणजे? म्हणाले, आपल्याकडची हवा कशी, चैत्र-वैशाखात जीभ काढून बसलेली असते. पाणी दाखवलं का पिऊन टाकते अन् गार होते. ही आधीच पोटभर पिऊन बसली. हिले अजून पाजलं तर ओकून राहिली. आणि खरंच, खिडकीच्या काचेवर थेंब जमले होते. आजोबांच्या कॉलरवर ओल आली होती. तरीही ते कूलर बंद करत नव्हते. रोज दुपारी लावायचे. ब्रेडला बुरशी यायला लागली, आईच्या साड्यांच्या कपाटाला वास मारायला लागला, आजोबांचे गुडघे धरले, तरी लावायचे. मला वाटलं त्यांना आवाज हवा असेल. मलाही तो आवडायचा, खोटं कशाला बोलू.

कारण तो आवाज मला माहीत होता. मी दहा वर्षांची असताना एकदा आम्ही मे महिन्यात अकोल्याला गेलो होतो. बाबांना तेव्हा इथे येऊन दोनेक वर्षं झाली होती आणि आई म्हणत होती, मे मध्ये कुणी अकोल्याला जातं का, पण बाबांना त्याच सुट्ट्या मिळाल्या. तिथे खिडकीला बाहेरून लोखंडी स्टँडवर एक कूलर होता, माझ्यापेक्षा उंच, आकाशी रंगाचा, दरवर्षी गुढीपाडवा झाला की आजोबा त्याला नवा रंग द्यायचे आणि नव्या ताट्या लावायचे. दुपारी दारं लोटून, जमिनीवर चटया टाकून सगळे त्याच्यासमोर आडवे. वाळ्याचा तो ओला, मातीसारखा वास. केस उडायचे, पायांना गार लागायचं आणि चादर घ्यावीशी वाटायची, आणि बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं. कूलरसाठी कोपऱ्यातली एक खिडकी आजी उघडीच ठेवायची, हवा जायला वाट पाहिजे म्हणून. आणि ती सारखी उठायची. कूलरला पाणी लागतं. अकोल्याला नळ तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशी यायचा, आजी हौदातून बादली भरून, एक पाय ओढत, मागच्या अंगणातून फिरून स्टँडपर्यंत जायची आणि डोक्याच्या वर बादली उचलून टाकीत ओतायची. मी म्हटलं मी ओतते, तर म्हणाली, "तू न्यूझीलंडची पाहुणी वं, झोप." बाबांनी ते बघितलं होतं. मला आठवतं, बाबा चटईवर उठून बसले होते आणि खिडकीच्या जाळीतून आजीचा वर गेलेला हात आणि बादलीचं बूड बघत होते.

म्हणून त्यांनी ते डोक्यात घेतलं असणार. रविवारी फोनकार्डावरून अकोल्याला फोन व्हायचा, आणि मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, प्रत्येक रविवारी तोच विषय. कूलर का एसी. बाबा इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेत. पाठकोऱ्या पाकिटावर खोलीचं माप काढून किती टनाचा लागेल ते त्यांनी लिहिलं होतं. "अण्णा, कूलर मरू दे आता. पाणी नाही तुमच्याकडे, आईचे गुडघे बघा. एसीला पाणी लागत नाही, बटण दाबलं की झालं." पलीकडून आजोबा काय म्हणत ते ऐकू येत नसे, पण बाबांचा चेहरा बघून कळायचं की ते पाहू म्हणतायत. आजोबा कुणालाच सरळ नाही म्हणत नाहीत, आणि परदेशातल्या मुलाला तर कोणीच म्हणत नाही, ती एक पद्धतच आहे. मुलगा देतोय, घ्या. शेवटी एका रविवारी आजोबा म्हणाले असतील, तुले बरं वाटते ते कर. बाबा फोन ठेवून खूश होते, मला म्हणाले, चल, आईस्क्रीम आणू. कोपऱ्यावरच्या दुकानात, इथे त्याला डेअरी म्हणतात, जाऊन आम्ही होकी-पोकीचे कोन घेतले आणि फुटपाथवर उभं राहून खाल्ले. तो माझा आणि बाबांचा शेवटचा चांगला दिवस असेल. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट आली नाही. लाइट जाते. इतकी वर्षं इथे राहून, बटण दाबलं की दिवा लागतोच अशा देशात राहून, इलेक्ट्रिकल इंजिनिअर माणूस लाइट जाते हे विसरला. अकोल्याला तेव्हा लोडशेडिंग होतं, सकाळी गेली की दुपार संपेपर्यंत नाही. कूलर इन्व्हर्टरवर चालायचा. एसी चालत नाही.

मागच्या मे मध्ये आजी गेली. हार्ट अटॅक, असं आम्हाला सांगितलं. बाबा एकटे गेले आणि आजोबांना घेऊन आले. त्यानंतर घरात कुणी अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल बोलत नाही.

इथे कूलर बघून बाबांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. ते दारात आले, हातात लॅपटॉपची बॅग, आणि कूलर खडखडत होता. बूट काढायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग सरळ होऊन अगदी शांतपणे म्हणाले, "अण्णा, इथे ह्युमिडिटी आहे. इथे कूलर चालतच नाही. फिजिक्स आहे ते." आजोबा म्हणाले, "हो न, पाहिलं मी." आणि बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. चार-पाच दिवस हेच. मग बाबांनी जेवताना जाहीर केलं की आजोबांच्या खोलीत हीट पंप बसवायचा. आजोबा घास थांबवून म्हणाले, "उन्हाळ्यात हीट काहून?" आई हसली, म्हणाली, अण्णा, इथे एसीलाच तसं म्हणतात, थंडीत गरम पण करतो. बाबा म्हणाले, "मग राहाल ना? खोली बरी झाली की राहाल?" असं विचारलं त्यांनी. खोली बरी झाली की. जणू आजोबा एवढ्यासाठीच पाहू पाहू करतायत. मला इतकी चीड आली की मी ताट उचलून बेसिनमध्ये आपटलं. आई म्हणाली, मधू! आजोबा म्हणाले, "पाहू."

हीट पंपवाला यायच्या आधीच्या दुपारी आजोबांनी मला सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं. मी त्यांच्या खोलीत जमिनीवर बसून नखं रंगवत होते, कूलर चालू होता, भिंतीवर ओल उतरली होती. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तुही आजी हार्ट अटॅकनं नाही गेली वं. म्हंजे हार्टच बंद पडलं शेवटी, पण उन्हानं. घरातल्या उन्हानं." आणि मग सांगत गेले, मध्येच कूलरचा आवाज वाढला की थांबायचे. एसी बसवला तेव्हा कूलरची खिडकी काढून तिथे प्लायवूड आणि सिमेंट लावून टाकलं. कोपऱ्यातलीपण बंद. आकाशी कूलर भंगारवाल्यानं नेला. बसवणारा म्हणाला, खोली बंद ठेवजा माय, नाही तर गारवा बाहेर जाते. आणि बाबापण दर रविवारी फोनवर तेच. आई, दार बंद ठेवतेस ना? मग लाइट गेली की आजी काय करायची, तर दार लावून आत बसायची. सकाळचा गारवा धरून ठेवायला. दाराच्या फटीला ओली चादर लावायची. आजोबांनी उघडायला सांगितलं तर भांडायची. म्हणायची, पोरानं तिकडून पाठवलेला गारवा आहे, असा फुकट जाऊ द्यायचा का? घटकाभरात ती खोली भट्टी व्हायची. इन्व्हर्टरवरचा पंखा गरम हवा फिरवायचा आणि बॅटरी संपली की तोही बंद. आजोबांना आत गुदमरायचं, म्हणून ते दुपारी शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसायचे. त्या दिवशीपण बसले. निघताना आजी आतून म्हणाली, येताना कोथिंबीर आणजा. एवढंच. उन्हं उतरल्यावर ते कोथिंबीर घेऊन आले आणि दार ढकललं तर चादर अडकली होती.

मी नखाला ब्रश लावून तशीच बसले होते. नेलपॉलिश सांडून गालिच्यावर डाग पडला, तो अजून आहे. आजोबा म्हणाले, "तुह्या बापाले नको सांगू. म्हून तर मले जा लागते. इथं राहिलो तर एक ना एक दिवस तोंडातून निघीन." मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. आजीबद्दल वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, पण त्याच्या आत दुसरं एक होतं, की म्हणजे बाबांना सांगितलं तर आजोबांना जायचं कारणच राहणार नाही. आणि बाबांचं काय होईल. मी त्या दुपारी बाहेर जाऊन बस स्टॉपवर बसले आणि बस आल्या तरी चढले नाही. रस्त्यावर गवतातले ढीग ट्रकनं उचलून नेले होते आणि तिथलं गवत पिवळं, दबलेलं होतं. बाबांचं काय होईल ते होऊ दे, असं मी एकदा ठरवलं. मग नाही ठरवलं. मला बाबांचा राग होता, पण तो शाळेचा वगैरे राग होता, असा नाही.

शनिवारी सकाळी परेश आला. परेश नाशिकचा. हॉटेल मॅनेजमेंट शिकायला म्हणून आला होता आणि आता हीट पंप बसवतो. आल्या आल्या बोलायला लागला तो थांबेचना. "काका, काय आहे, आपल्या लोकांना वाटतं एसी म्हणजे चैन. अहो इथे हीप्स, म्हणजे ढीगभर लोकांकडे असतो. नमस्कार आजोबा! गाव कोणतं? अकोला? बापरे, म्हणजे तुम्ही तर तंदूरमधून आलात." भिंतीत भोक पाडताना धूळ उडाली, आई वर्तमानपत्र धरून उभी, बाबा टॉर्च धरून, आजोबा खाटेवर बसून. कूलर बाबांनी आधीच बाहेर गॅरेजमध्ये नेऊन ठेवला होता. मी दारात. परेशनं रिमोट दाबला, आवाजच नाही, एक पट्टी हळूच उघडली आणि गार, सुकी हवा आली. खरी गार. मलाही बरं वाटलं, आणि त्याचाही राग आला. "स्वीट ॲज," परेश इथल्या पोरांसारखं म्हणाला, म्हणजे एकदम मस्त. मग चालत खिडकीपाशी गेला, खिडकी ओढून लावली, कडी लावली, आजोबांकडे वळून म्हणाला, "फक्त खोली बंद ठेवायची हं आजोबा. नाहीतर गारवा बाहेर जातो."

आजोबा उठले. ते खिडकीपाशी गेले, कडी काढली आणि खिडकी पूर्ण उघडली. परेश हसला, म्हणाला, अहो, आत्ताच तर सांगितलं. बाबा पुढे झाले. "अण्णा, उघडी ठेवून उपयोग नाही." आणि त्यांनी लावली. आजोबांनी पुन्हा उघडली. बाबा म्हणाले, "अण्णा, ऐका ना जरा, मी तुमच्या भल्यासाठी..." आणि खिडकीचा दांडा धरला, आजोबांनीही धरला, दोघंही ओढत होते, आणि परेश मध्ये उभा, हातात रिमोट. माझं डोकं गेलं. मी ओरडले, "सोडा ती! आजीलापण हेच सांगितलं होतं तुम्ही! दार बंद ठेव, दार बंद ठेव, आणि ती बसली ना दार बंद करून! आत शिजून गेली ती!"

परेशनं रिमोट खाटेवर ठेवला, आईला काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. त्याचा ड्रिल आमच्याकडेच राहिला. खोलीत फक्त ती गार हवा येत होती आणि उघड्या खिडकीतून जात होती. आजोबा माझ्याकडे बघत नव्हते. बाबांनी खिडकीचा दांडा सोडला. मला वाटलं ते मला मारतील, मी हनुवटी वर करून उभी राहिले. ते म्हणाले, "मला माहितीये."

"काय माहितीये?" आई म्हणाली.

"मंदाकाकूंनी सांगितलं तेव्हाच. मी गेलो ना, त्याच दिवशी. चादर पण दाखवली." मंदाकाकू म्हणजे आजोबांच्या शेजारच्या. "मला वाटलं अण्णांना वाटत असेल की मला माहीत नाही. तर म्हटलं असू दे." ते खाटेवर बसले. बाबा बसल्यावर फार लहान दिसतात, हे मी आधी पाहिलं नव्हतं. गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत बाहेर उभं केलेल्या पोरासारखे. मग त्यांनी आजोबांना विचारलं, "ती माझ्याबद्दल काही बोलली का शेवटी? रागावली होती?"

मला उत्तर माहीत होतं. कोथिंबीर आणजा. आजोबा भिंतीकडे बघत होते, जिथे परेशनं भोक पाडलं होतं आणि पांढरी भुकटी खाली पडली होती. मग ते बाबांच्या शेजारी बसले आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "रागावते कायले? खुश होती. मी निघत होतो न, तं मले म्हणे, पाहा, माह्या पोरानं मले घरातच सिमला आणून देला." बाबांच्या तोंडातून एक आवाज आला. हुंदका नाही, जड काहीतरी खाली ठेवताना येतो तसा. आजोबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मी खोटं सहन करत नाही. ज्यानं त्यानं मला त्यावरूनच झापलंय, की तू फटकळ आहेस. मी तोंड मिटून उभी राहिले.

त्यानंतर मला वाटलं की आता ते राहतील. लपवायचं काही उरलं नव्हतं. पण बाबा विचारायला लागले. ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी आजोबांच्या खोलीत. आधी तेच पुन्हा, सिमला म्हणाली ना? कशी म्हणाली? हसत? मग दुसरं. दुपारी झोपायची का मग गारव्यात? शेजारणींना दाखवायची का? आजोबा सांगायचे. हो न, शकुले बोलावून दाखवला, म्हणे बस शकु, अंगाले लागू दे. मंदाले म्हणे, तुह्या पोराले सांग घ्याले. रोज एक नवीन. आजोबा चांगले सांगायचे, आजीचा आवाज काढून, मान तिच्यासारखी तिरकी करून. बाबा ऐकताना हसायचे, आणि कधी कधी हसता हसता उठून बाथरूममध्ये जायचे. आई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "मधू, बाबा झोपतात गं आता. वर्षभर झोपले नव्हते नीट." मी शेंगदाणे कुटत होते, कुटत राहिले. खोली मस्त गार असायची. खिडकीबद्दल कुणी काही बोलायचं नाही, ती अर्धी उघडी असायची आणि हीट पंप चालायचा, आणि वीज वाया जायची तर जायची.

एका दुपारी आजोबा माझ्या खोलीत आले, जे ते कधी येत नाहीत. पलंगाच्या कडेवर बसले. म्हणाले, "तिकीट आहे तसंच राहू दे, असं मी आज तुह्या बापाले सांगतो." मी उसळले. म्हटलं, का? आता काय राहिलंय? कळलं ना त्यांना सगळं? मग मला इथे टाकून जायचं असेल तर सरळ सांगा. मी बरंच काही बोलले, इंग्रजीतूनही बोलले, त्यांना कळलं नसेल ते बरं झालं. त्यांनी माझं होऊ दिलं. मग म्हणाले, "रोज नवीन कुठून आणू वं?"

मी म्हटलं, मग नका सांगू.

"त्याले पाहिजे न." ते आपल्या हातांकडे बघत होते. "पण काय होऊन राहिलं, पाह्य. काल रात्री मी झोपलो तं मले तुही आजी शकुले एसी दाखवताना दिसली. खरीखुरी. साडी कोणती ते पण दिसली. अन् ते झालंच नाही. कोथिंबीर आणजा म्हणे, थो आवाज मी शोधला तं सापडला नाही. दुसऱ्याच आवाजात आला. मी काढतो न, त्या आवाजात." मग म्हणाले, "पुसून चालली माही. अजून इथं राहिलो तं तुही आजी तुह्या बापाची राहीन, माही नाही राहणार. तिथं घरात तिचं सगळं आहे. भांडी आहेत, चपला आहेत. तिथं मले ते खोटी नाही करता येणार." त्यांची गोष्ट बरोबर होती आणि मला ती मुळीच पटवून घ्यायची नव्हती. मी उशी भिंतीवर फेकली. त्यांनी ती उचलून, झटकून, नीट जागेवर ठेवली.

बाबांनी त्यांना थांबवायला फार काही केलं नाही. मला ते विचित्र वाटलं, मग नाही वाटलं. बाबा म्हणाले, उन्हाळ्यात जाताय, निदान पावसापर्यंत थांबा. आजोबा म्हणाले, घर उघडलं नाही वर्षभर. मग बाबा म्हणाले, मी तिथली ती बुजवलेली खिडकी पुन्हा उघडून द्यायला सांगतो. आजोबा म्हणाले, हो, ते सांग. एवढंच झालं. आईनं बॅग भरली, त्यात मिल्क पावडर आणि मनुका हनी, म्हणजे इथला महागडा मध, घातला, जे आजोबा खात नाहीत. विमान सकाळचं होतं. एअरपोर्टवर आई आजोबांच्या पाया पडली, बाबा पडले, बाबा ट्रॉली ठेवायला गेले. आजोबांनी मला जवळ ओढलं नाही, ते तसले नाहीत. त्यांनी माझ्या जॅकेटची चेन वरपर्यंत ओढून लावली, जशी रांगेतल्या पोरांची लावत असतील. म्हणाले, "आता तू सांगजो."

मी म्हटलं, मला येत नाही.

"येते. तू तिले पाहिलं आहे. थोडं थोडं सांगजो. एका दिवशी सगळं नको." आणि बाबा येताना दिसले तसे ते सरळ उभे राहिले, बॅग खांद्याला लावली आणि आत गेले. वळून हात केला नाही. काचेच्या पलीकडे त्यांचा पांढरा शर्ट बराच वेळ दिसत होता, मग एका मोठ्या कुटुंबाच्या मागे गेला.

आईची शिफ्ट होती, तिला तिथूनच मैत्रिणीनं नेलं. पार्किंगमध्ये बाबा आणि मी. ते गाडीत बसले, पट्टा लावला, किल्ली घातली, आणि फिरवली नाही. समोरच्या गाडीत कुणीतरी एक रडणारं बाळ सीटमध्ये बसवत होतं. बाबा स्टिअरिंगकडे बघत होते. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघंच कुठेतरी होतो. त्यांनी घसा साफ केला.

"मधू," ते म्हणाले, "तुला काही सांगितलं का गं अण्णांनी? म्हणजे आजीबद्दल. मला सांगायचं राहिलं असेल असं काही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते आणि तिथली कातडी दाढी करताना कापली होती, त्यावर छोटा लाल ठिपका होता.

"हो," मी म्हणाले. "गाडी सुरू करा. सांगते."